दुरुस्तीला गुण द्या : लिंक्डइन वर्गात आणू पाहणाऱ्या खान्देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, विभागप्रमुख आणि अभ्यास मंडळांचे सदस्य,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालये

स. न. वि. वि.

तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याचे लिंक्डइन उघडून पाहा. दोन-तीन ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रे, इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसाचा फोटो, हॅकेथॉनमध्ये भाग घेतल्याची बातमी, आणि खाली पंचवीस-तीस अभिनंदने. त्यात एकही गणित नाही, एकही आकृती नाही, ‘हे मला समजले नाही’ असे एकही वाक्य नाही. विभागाकडे मात्र ‘व्यावसायिक समाजमाध्यमाचा वापर’ या नावाखाली त्याच पोस्टचे स्क्रीनशॉट फायलीला लागतात.

आमची विनंती मोजकी आहे. पुढच्या सत्रात एका विभागात, एका विषयाच्या सतत मूल्यमापनासाठी हे माध्यम बंदिस्त गटात वापरा. विद्यार्थ्याने केलेले गणित तिथे वर्गमित्र तपासतील, त्या कामात रोज असलेला एखादा अभियंता त्यावर दोन ओळी लिहील, आणि मग विद्यार्थी ते दुरुस्त करील. गुणांचा मोठा वाटा त्या दुरुस्तीला असू द्या. पोस्टला गुण दिलेत, तर पोस्टच मिळतील.

लिंक्डइनच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सअॅपवर आज टाकलेले गणित उद्या वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडले जाते, आणि कोणते उत्तर कोणत्या शंकेला हे चार दिवसांनी कळत नाही. मूडल हे महाविद्यालयाचे ऑनलाइन अभ्यासाचे व्यासपीठ हे काम शिस्तीत करते, पण ते महाविद्यालयाच्या फाटकाशी थांबते. आपले माजी विद्यार्थी चाकणला, हिंजवडीला, अंबडला आहेत. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि चटईच्या कारखान्यांत आहेत. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात, साक्री तालुक्यातल्या सौर प्रकल्पात आहेत. त्यांना मूडलचा पासवर्ड कोणी देत नाही, आणि दिला तरी ते तो उघडणार नाहीत. लिंक्डइन २००३ पासून सुरू आहे आणि यांतले बरेच जण तिथे आधीच आहेत. कारण एवढेच. बाहेरचा एकही अभियंता जोडता येणार नसेल, तर मूडलवरच थांबा. नव्या माध्यमाचा खटाटोप करू नका.

आता प्रश्नाविषयी, कारण बहुतेक प्रयोग तिथेच फसतात. ‘अक्षय ऊर्जेवर तुमचे मत लिहा’ असे सांगितले की साठ जणांकडून साठ निबंध येतात आणि सगळ्यांखाली ‘छान माहिती’ उमटते. मतावर तपासण्यासारखे काही नसते. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर चुकू शकते, ते का चुकले हे दुसऱ्याला दाखवता येते, आणि पुस्तकात न मिळणारी एक तरी गोष्ट बाहेर जाऊन आणावी लागते.

फ्लुइड मेकॅनिक्ससाठी एक नमुना देतो. केळीच्या बागेत १६ मिलिमीटरची, ६० मीटर लांबीची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीने जाणारी ठिबकची नळी आहे. तिच्यावर दर ६० सेंटिमीटरला ताशी ४ लिटर पाणी ठिबकवणारा साधा ड्रिपर. जमीन सपाट. लॅटरलच्या तोंडाशी १० मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब. शेवटच्या ड्रिपरपाशी दाब किती उरेल, आणि पहिल्या व शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात किती फरक पडेल?

दिसायला हे चार ओळींचे गणित. ड्रिपर १००, एकूण प्रवाह ताशी ४०० लिटर. पण पहिली चूक इथूनच सुरू होते. काही जण १६ हाच आतला व्यास धरतात. तो बाहेरचा असतो. आतला भिंतीच्या जाडीप्रमाणे १४ मिलिमीटरच्या आसपास येतो. प्रश्नात तो मुद्दाम देऊ नये. जळगाव, रावेर, यावल भागात ठिबकचे दुकान शोधायला लांब जावे लागत नाही. नळीचा तुकडा घेऊन त्याला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी लावायला सांगावे. दाबाच्या घटीच्या सूत्रात व्यासाचा घात जवळजवळ पाच असल्यामुळे १४ ऐवजी १६ धरले की दाबाची घट साधारण निम्मी दिसते, आणि ज्याने मोजले नाही तो निर्धास्त राहतो.

दुसरी चूक नेमकी उलट दिशेची. आतला व्यास १४ आणि घर्षणाच्या हेझन-विल्यम्स सूत्रातला गुणक १५० धरून पूर्ण ६० मीटरसाठी घट काढली की सुमारे ३ मीटर येते. म्हणजे शेवटी दाब ७ मीटर. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, तेव्हा शेवटच्या झाडाला सोळा टक्के पाणी कमी. आराखड्यात धरली जाणारी दहा टक्के फरकाची मर्यादा ओलांडली म्हणून विद्यार्थी लॅटरल अर्धी करतो आणि मधून आणखी एक सबमेन, म्हणजे लॅटरलना पाणी देणारी जाड नळी टाकतो. शेतकऱ्याचा विनाकारण खर्च! पूर्ण प्रवाह पूर्ण लांबीभर वाहतच नाही, तो प्रत्येक ड्रिपरला घटत जातो, हे इथे निसटलेले असते. त्यासाठीचा ख्रिश्चनसनचा गुणक १०० ड्रिपरना सुमारे ०.३६ आहे. घट १.१ मीटरवर येते, पाण्यातला फरक साडेपाच टक्क्यांवर, आणि लॅटरल तशीच चालते.

मग तिसरा विद्यार्थी डार्सी-वाइसबाख या दुसऱ्या सूत्राने येतो, घर्षणांक ब्लासियसच्या सूत्राने काढतो, आणि त्याचे उत्तर १.३ मीटर असते. दोघेही बरोबर असून आकडे वेगळे. लहान व्यासाच्या नळीला १५० हा गुणक जरा उदार पडतो, हे इथे उलगडते. फळ्यावर एक रीत दाखवून पुढे गेलो तर ही चर्चा होत नाही. पाच जणांनी पाच वाटांनी केलेले काम एकाखाली एक दिसते, तेव्हाच ती होते.

गणितात प्रत्येकाचा आकडा वेगळा ठेवा. लॅटरलची लांबी = ४० + रोल नंबरच्या शेवटच्या अंकाची पाचपट, इतके साधे सूत्र पुरते. शेवटचा अंक ४ असेल त्याला ६० मीटर, ९ असेल त्याला ८५. उत्तर उचलता येत नाही, रीत मात्र पाहता येते. आणि आपल्याला तेच हवे आहे. एआयकडून लिहून घेतलेल्या गुळगुळीत परिच्छेदांनाही यानेच आळा बसतो, कारण व्हर्नियरचा आकडा आणि नळीचा फोटो त्याच्याकडे नसतो. इलेक्ट्रिकलला असाच प्रश्न कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भाराचा देता येईल : १०० किलोवॉट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) कपॅसिटर जोडून ०.८ वरून ०.९५ करायचा. सुमारे ४२ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) कपॅसिटर हे उत्तर सगळे काढतात. रात्री भार दहा किलोवॉटवर आला आणि कपॅसिटर तसाच जोडलेला राहिला तर काय होईल, हा खरा प्रश्न.

गणिताआधी एक जनमत घ्या. लिंक्डइनच्या पोलमध्ये चार पर्याय ठेवता येतात आणि मुदत तीन दिवसांची करता येते. ‘लॅटरल दुप्पट लांब केली, ड्रिपरमधले अंतर तेच ठेवले, तर घट किती पट?’ पर्याय २, ४, सुमारे ५, सुमारे ७. प्रवाहही दुप्पट होतो हे विसरणारे २ निवडतात. बरोबर उत्तर शेवटचे. कोणी काय निवडले हे पोल टाकणाऱ्याला नावासकट दिसते, इतरांना फक्त टक्केवारी. त्यामुळे लाजेचा प्रश्न येत नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात आणलेल्या सहाध्यायी-अध्यापनाचा अनुभव असा, की बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतात तेव्हा आपापसातली चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी आली तर आधी तास घ्या, जास्त आली तर पुढे चला.

साठ जणांच्या वर्गाचे पाच-पाचांचे बारा गट करा. गट शिक्षकाने पाडावेत. मुलांवर सोडले की एका बाकावरचे पाच एकत्र येतात आणि एकच जण सगळे करतो. गटात कामे वाटलेली हवीत : एक जण मोजमाप आणतो, एक जण दुसरी रीत लावून पाहतो, एक जण एककांवर आणि गृहीतकांवर नजर ठेवतो, एक जण बाहेरच्या अभियंत्याला विचारतो, एक जण सारांश लिहितो. दर फेरीला कामे फिरतात. पांझरा नदीकाठच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीला हे नवीन नाही. फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतांचा एक गट. बंधाऱ्याचे पाणी फडाफडाने फिरते, कोणत्या फडात कोणते पीक हे सगळे मिळून ठरवतात, पाट साफ करायला सारे येतात, आणि पाणी सोडायला पाटकरी नेमलेला असतो. तिथे ‘सर्वांनी मिळून’ याचा अर्थ कोणी काय करायचे हे आधी ठरलेले, असा आहे. आपल्या ग्रुप असाइनमेंटमध्ये नेमके तेच ठरलेले नसते.

एक फेरी दोन आठवड्यांची, सत्रात चार फेऱ्या. पाचवी नको, मिड-सेमशी टक्कर होते. सोमवारी प्रश्न आणि पोल. प्रत्येक गटाची एकच पोस्ट. तिच्याखाली गुरुवार रात्रीपर्यंत पाचही जण आपापले पहिले उत्तर कॉमेंटमध्ये टाकतात : तीन-चार ओळी आणि वहीच्या पानाचा स्वच्छ फोटो. साठ वेगळ्या पोस्ट टाकल्या की सारे विस्कटते. बारा पोस्टमध्ये धागा हाती राहतो. रविवारपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्या गटांतल्या दोघांचे काम तपासायचे. पुढच्या बुधवारपर्यंत दुरुस्ती, शुक्रवारी गटाचा एक पानी सारांश, आणि त्यानंतरच्या तासाला वीस मिनिटे वर्गात समोरासमोर. ही वीस मिनिटे कापू नका. लिहून सुटलेले गुंते तिथेच सुटतात.

तपासणी म्हणजे काय हे पहिल्या तासालाच दाखवावे लागते. ‘खूप छान’ला शून्य. तपासणीत तीन गोष्टी हव्यात : कोणत्या ओळीत शंका आहे, का आहे, आणि तपासणाऱ्याच्या मते तिथे काय यायला हवे. ‘तिसऱ्या ओळीत व्यास १६ धरला आहे; तो बाहेरचा आहे; आतला मोजून पुन्हा कर.’ एवढे पुरे.

गुण असे सुचवतो. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या रचनेत थिअरीच्या विषयाला सतत मूल्यमापन २०, मध्यसत्र २० आणि सत्रान्त ६० असे गुण आहेत. त्या पहिल्या वीसपैकी दहा या कामाला द्या. स्वायत्त महाविद्यालयांना तर आपली रचना आपणच ठरवता येते. प्रत्येक फेरी दहाची, शेवटी चारांची सरासरी. पहिल्या उत्तराला २, आणि ते चूक असले तरी २, पायऱ्या लिहिलेल्या असल्या की झाले. दुसऱ्यांचे तपासण्याला ३. दुरुस्तीला ४. सारांशाला गटाला मिळून १. ज्याचे उत्तर पहिल्यांदाच बरोबर आले त्याने काय दुरुस्त करायचे? त्याने एक गृहीतक बदलावे. जमिनीला एक टक्का उतार दिला तर ६० मीटरमध्ये ६० सेंटिमीटर दाब परत मिळतो. मग लॅटरल किती लांब नेता येईल ते दाखवावे. लाइक, फॉलोअर, व्ह्यूज यांचा गुणांशी काडीचाही संबंध नको. तो आला त्या दिवशी मुले मामे-चुलत भावंडांना लाइकसाठी फोन करू लागतील.

शिक्षकाने साठही धागे दर फेरीला वाचणे शक्य नाही. बारा सारांश, प्रत्येकी पाच मिनिटे. आणि चिठ्ठ्या टाकून पंधरा विद्यार्थ्यांचे पूर्ण धागे, प्रत्येकी चार मिनिटे. दोन आठवड्यांत दोन तास. एकदा निघालेले नाव पुन्हा न घातल्यास चार फेऱ्यांत साठही जण एकदा बारकाईने वाचून होतात. बाकीच्या फेऱ्यांना तपासणाऱ्या वर्गमित्रांच्या खुणांवरून गुण द्यावेत. हा आठवड्याचा एक तास वर्कलोडमध्ये लेखी धरला जावा, ही आमची आग्रहाची मागणी आहे. तो न धरल्यास उत्साही शिक्षक एक सत्र ओढून नेतो आणि दुसऱ्या सत्रात हे सारे आपोआप बंद पडते.

माध्यमाच्या काही खोडी आधी माहीत असाव्यात. ग्रुप प्रायव्हेट ठेवा आणि तो शोधात दिसणार नाही असा पर्याय निवडा. अॅडमिनला फक्त आपल्या कनेक्शनमधल्या लोकांनाच आमंत्रण धाडता येते, म्हणून साठ जणांशी जोडून घेण्यापेक्षा ग्रुपची लिंक द्या, त्यांनी विनंती पाठवावी, आपण रोल नंबर पाहून मंजूर करावी. लॅबमध्ये एकाच तासात, एकाच वायफायवरून साठ नवी खाती उघडू नका. असा लोंढा संशयास्पद ठरून खाती पडताळणीसाठी अडकू शकतात. घरी, आपापल्या मोबाइलवरून, आठवडाभरात होऊ द्या. दोन अॅडमिन ठेवा, नाहीतर शिक्षकाची बदली झाली की ग्रुप पोरका होतो. कॉमेंटला १,२५० अक्षरांची आणि पोस्टला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे. समीकरणे मांडायची सोय नाही, म्हणून फोटो किंवा पीडीएफ. पण पीडीएफ दोन एमबीच्या आत ठेवायला सांगा, कारण धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला सुटीत घरी गेल्यावर मिळणारे नेटवर्क आपल्या लॅबसारखे नसते. मुदती तासांच्या न ठेवता दिवसांच्या ठेवण्याचे कारणही हेच.

एक खोड विशेष महत्त्वाची. लिहिलेला मजकूर नंतर बदलता येतो, त्यावर ‘एडिटेड’ असे दिसते, पण आधी काय होते ते इतरांना दिसत नाही. म्हणजे दुरुस्तीचा पुरावाच पुसला जातो. म्हणून नियम : जुने उत्तर तसेच ठेवायचे, खाली नवी कॉमेंट ‘दुरुस्ती’ या शब्दाने सुरू करायची. ग्रुपमध्ये जुने शोधणेही कठीण असते. प्रत्येक फेरी संपली की सारांश मूडलवर किंवा ड्राइव्हवर उतरवून ठेवा. दरवर्षी एक फाइल पुढच्या वर्गाला मिळेल, आणि ‘मागच्या वर्षी इथे कोण कसे चुकले’ यापेक्षा उपयोगी नोट्स नाहीत.

बाहेरच्या अभियंत्यांना जोडताना त्यांचा वेळ जपा. तीन-चार जण पुरतात. फेरीला वीस मिनिटांहून जास्त मागू नका. ‘सर, मार्गदर्शन करा’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्याजोगे काही नसते. निरोप असा असावा : ‘नमस्कार सर, आम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचे पाच विद्यार्थी. १६ मिलिमीटरच्या ६० मीटर लॅटरलला दाबाची घट एका रीतीने १.१ आणि दुसऱ्या रीतीने १.३ मीटर येते. आराखड्यात आपण कोणती धरता, आणि ड्रिपरच्या जोडांमुळे होणाऱ्या घटीसाठी किती वाढवता? रविवारपर्यंत दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.’ अशा प्रश्नाला अभियंता थांबतो, कारण तो त्याच्या रोजच्या कामातला आहे. उत्तर आल्यावर त्याचे काय केले हे सारांशात लिहून त्यांना कळवावे. पुढच्या फेरीला ते पुन्हा येतात.

भाषेबद्दल ठाम राहा. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि इथे एकदम इंग्रजीत साऱ्या जगासमोर लिहा, म्हटले की मुलगा गप्प होतो किंवा एआयकडून लिहून घेतो. दोन्हीत शिकणे बुडते. ग्रुपमध्ये मराठी, तांत्रिक शब्द वर्गात बोलतो तेच, आणि गटाचा सारांश मात्र इंग्रजीत, पाच जणांनी मिळून. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) २०२१-२२ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी देते. तेव्हा मराठीत शंका विचारण्यावर आक्षेप येण्याचे कारण नाही.

सुरक्षितता आणि कायदा या बाबी शिक्षकाच्या मर्जीवर सोडू नका, महाविद्यालयाने लेखी द्या. पहिल्या वर्षाला हा प्रयोग नकोच. लिंक्डइन १६ वर्षांपासून खाते देते, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि पहिल्या वर्षाचे अनेक विद्यार्थी त्यात बसतात. तिसऱ्या सत्रापासून सुरुवात करा. खाते उघडायचे नसेल त्याला कारण न विचारता तेच काम मूडलवर, तेवढ्याच गुणांना करू द्या. मुलींना अनोळखी निरोपांचा त्रास होतो हे गृहीत धरून पहिल्या आठवड्यात सर्वांकडून सेटिंग करून घ्या : ईमेल आणि फोन कोणाला दिसावा, कनेक्शनची यादी झाकावी, दुहेरी पडताळणी सुरू करावी, एआय प्रशिक्षणासाठी डेटा वापरण्याचा पर्याय बंद करावा. तक्रार कोणाकडे करायची, त्या शिक्षिकेचे नाव ग्रुपच्या वर्णनात असावे.

इंटर्नशिपचे फोटो ही वेगळी जोखीम आहे. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींसारखी ठिकाणे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली येतात. वीजकेंद्र, रेल्वेचे शेड, खासगी कारखाना, कुठलेही असो, लेखी परवानगीविना यंत्राचा, ड्रॉइंगचा, स्क्रीनचा फोटो नको; बंदिस्त ग्रुपमध्येही नको, कारण स्क्रीनशॉट कोणीही काढतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात पेटंट घेण्याजोगे काही असेल, तर आधी तात्पुरता अर्ज दाखल करा, मग लिहा. उघड पोस्ट झाली की नवीनतेचा दावाच अडचणीत येतो. भारतीय मानकांची पाने उचलून टाकण्याऐवजी आयएस क्रमांक, वर्ष आणि कलम लिहायला शिकवा.

अभ्यास मंडळाकडून आम्हाला एका ठरावाची अपेक्षा आहे : सतत मूल्यमापनातले दहा गुण या रीतीने देण्याची मुभा, मूडलचा समान पर्याय, आणि वर्कलोडमधला तो एक तास. विभागप्रमुखांकडून सत्र सुरू होण्याआधी तीन आठवडे विषय व शिक्षक यांची नावे ठरावीत, म्हणजे चार फेऱ्यांचे प्रश्न आधी स्वतः सोडवून पाहता येतील. न सोडवलेला प्रश्न वर्गाला देऊ नये. ड्रिपरच्या जोडांची घट, गाळणीतली घट असे काय काय राहून गेले ते तेव्हाच कळते. पहिल्या फेरीसाठी लागणारे सामान : १६ मिलिमीटर लॅटरलचे बारा तुकडे, लॅबमधले चार व्हर्नियर, आणि बारा साधे ड्रिपर. शक्य झाले तर एक दाबमापकही, म्हणजे काढलेला आकडा एखाद्या केळीच्या बागेत जाऊन नळीच्या दोन्ही टोकांना ताडून पाहता येईल.

कळावे,
आपले,
खान्देशातील अभियांत्रिकी अध्यापन आणि उद्योग या दोन्ही क्षेत्रांत काम करणारे काही जण